सामंत येतो म्हणाले

१

पडद्यावरचा माणूस जेवढा वेळ तोंड उघडतो तेवढ्यात मराठी वाक्य बसवायचं, आणि तो ओठ मिटतो तिथे प, ब किंवा म आणून ठेवायचा, हा मेघनाचा रोजचा उद्योग. ती जपानी मालिका मराठीत आणायची. भाषा तिला चांगली येत होती, पण या कामाला भाषेपेक्षा चिकाटी जास्त लागते. ठाकुर्लीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळपासून लॅपटॉपसमोर बसून ती एकच वाक्य दहा तऱ्हांनी पुटपुटत राहायची. समोरच्या दारातल्या रंभाताईंना सुरुवातीला वाटलं होतं की चाळिशीतच पोरगी जपाला लागली.

दुपारी ती ठाण्याला जपानी शिकवायला जायची आणि दिवेलागणीला परतायची. मागे घरात तिचे बाबा, भगवान. बाबा मोहन्याला कारखान्यात होते. तिथल्या कॉलनीत चौदा एप्रिलचा कार्यक्रम असो की कुणाचा निरोपसमारंभ, माईक त्यांच्याच हातात. त्यांनी नुसतं 'बंधू-भगिनींनो' म्हटलं की मागच्या रांगेतली टवाळ पोरंसुद्धा गप्प बसत. ठाकुर्लीला आल्यावर तो आवाज ओळखणारं कुणी उरलं नाही. मग रमाबाई, मेघनाची आई, गेली. बाबांचं बोलणं आटलं, पाठोपाठ खाणंही. दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसून ते खाडीच्या बाजूला बघत बसायचे. कामाला निघताना मेघना मागे वळून बघे, तर माणूस घरात आहे असं काही वाटायचं नाही. आणखी एक-दोन वर्षांत हा माणूस असा बसल्या बसल्याच संपून जाईल, अशी तिला सारखी भीती वाटे.

म्हणून तिने त्यांना कामाला लावलं. हातात आली होती एका सामंताची मालिका. मूळ नाव लांबलचक, मराठी माणसाच्या तोंडात न मावणारं. स्टुडिओवाला सूरज म्हणाला, मॅडम, सरळ सामंत करून टाका. तर या सामंताची वाक्यं बाबांनी मोठ्याने वाचायची आणि मेघनाने ती चित्रावर बसतात का ते बघायचं, असं ठरलं. ती ते वाचन मोबाइलवर टिपून ठेवायची. एकदा सूरजने ते ऐकलं आणि तो म्हणाला, दुसरा कलाकार शोधायलाच नको, हाच आवाज घेऊ. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाबांना नोकरी लागली. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून आणखी एक भाकरी मागून घेतली.

गोष्ट तशी साधी. डोंगराळ मुलखाचा एक सामंत, शोगुनच्या, म्हणजे जपानवर राज्य करणाऱ्या सेनापतीच्या, अगदी विश्वासातला. भर दरबारात तो शोगुनला सांगतो की तुम्ही गावं जाळत सुटला आहात, हे बरं नाही. शोगुन हसतो, स्वतःच्या हाताने त्याला पेला देतो आणि घरी जाऊन विश्रांती घ्या म्हणतो. बस्स, एवढंच. त्यानंतर त्याच्या गढीवर निरोप येत नाही की पाहुणा येत नाही. पदरची माणसं एकेक करून निघून जातात. शेवटच्या भागात हुकूम येतो, अंगावरच्या कपड्यांनिशी मुलूख सोडा.

बाबांना हा सामंत फार लागला होता. जेवताना मध्येच घास थांबवून ते एकदा म्हणाले, "शिक्षा बघ कशी दिली. मारलं नाही. बोलायला कुणी ठेवलं नाही."

२

शेवटचं दृश्य असं होतं. पहाट झालीय. जमिनीवर चटया अंथरलेली एक लांबलचक रिकामी खोली. आत मुलगी झोपलीय, तिला उठवायचं नाही. सामंत दाराशी येतो, चपला पायात घालतो, वळून त्या रिकाम्या खोलीसमोर मान झुकवतो आणि एकच शब्द बोलतो. माइरु. मग धुक्यात चालत जातो.

आता या शब्दाची गंमत अशी, की जपानीत नम्रपणे बोलताना जाणं आणि येणं दोन्हींसाठी हा एकच शब्द चालतो. कुठला अर्थ घ्यायचा ते प्रसंग ठरवतो. इथे प्रसंग तर उघड होता. माणूस कायमचा चाललाय. मेघनाने लिहिलं, 'मी जातो.' सुरुवातीच्या मिटलेल्या ओठांवर 'मी' चपखल बसला आणि ती स्वतःवरच खूश झाली.

बाबा मात्र अडून बसले. दारात उभं राहून जातो म्हणायचं? कुठल्या घरात म्हणतात असं? मेघनाने समजावलं की हा परत येणारच नाहीये, सगळं दुःख तेच तर आहे. बाबा म्हणाले, परत न येणारा माणूससुद्धा येतोच म्हणतो. तुझी आई हॉस्पिटलला निघाली तेव्हा रिक्षात बसताना काय म्हणाली होती, आठव जरा. मेघनाला आठवलं. तिने 'जातो' खोडून 'येतो' केलं.

भाषांतर म्हणून ती चूक होती आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी असं केलं असतं तर तिने लाल रेघ मारली असती. पण कितीतरी दिवसांनी बाबा एखाद्या गोष्टीवरून तावातावाने भांडले होते, त्यांचे कान लाल झाले होते, आणि एका शब्दापायी तिला ते घालवायचं नव्हतं.

वागळे इस्टेटमधल्या सूरजच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. काचेपलीकडच्या काळोख्या खोलीत बाबा माईकसमोर उभे राहिले. गरज नसताना त्यांनीही मान झुकवली आणि म्हणाले, "मी येतो." इतक्या आपुलकीने म्हणाले की सूरज हेडफोन काढायचं विसरला. मेघनाच्या डोळ्यांत पाणी आलं. पडद्यावर सामंत धुक्यात गेला आणि सगळ्यांनी चहा मागवला.

३

त्यानंतरच्याच आठवड्यात कधीतरी ती ठाण्याहून परतली, तेव्हा इमारतीच्या वॉचमनने, राकेशने, तिला हाक मारली. राकेशची बाबांशी गट्टी होती. ते दिसले की हा 'काय हिरो, कुठे शूटिंग?' म्हणणार आणि ते त्याला हातातली पिशवी उगारून दाखवणार, हे रोजचं ठरलेलं. तो म्हणाला, "मॅडम, कुणी सामंत आलेले दुपारी. तुमच्याकडेच."

मेघनाला त्यात वावगं काही वाटलं नाही. कोकणात सामंत नावाची माणसं काय कमी आहेत? कल्याण-डोंबिवलीत दर दुसऱ्या सोसायटीत एखादा सामंत निघेल. मोहन्याच्या जुन्या ओळखीतलं कुणीतरी बाबांना भेटायला आलं, हे तर चांगलंच झालं. कसे होते दिसायला, एवढं तिने विचारलं. राकेश म्हणाला, वयस्कर, ताठ, शांत एकदम. नाव विचारलं तर सामंत म्हणाले. मग तो जरा घुटमळला आणि म्हणाला की चेहरा काही ओळखीचा नव्हता, पण आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला.

वर बाबा खुशीत होते. गॅलरीतली खुर्ची त्यांनी बाहेरच्या खोलीत आणून दाराकडे तोंड करून ठेवली होती. समोर जमिनीवर चटई अंथरली होती. कपबशा दोन. एक रिकामी आणि एक काठोकाठ भरलेली, वर साय धरलेली. पाहुण्यांनी चहा घेतला नाही वाटतं, असं मेघनाने विचारलं. ते घेत नाहीत, बाबा म्हणाले, पण समोर ठेवला की त्यांना बरं वाटतं.

ती कप विसळायला घेऊन गेली. विसळता विसळता तिला वाटलं, घरात दोन खुर्च्या आहेत, सोफा आहे. या वयाचा माणूस चटईवर कशाला बसेल?

४

सामंत येत राहिले. रोज नाही, पण मेघना घरात नसताना. तिने त्यांना एकदाही पाहिलं नाही. राकेश सांगायचा, आलेले. रंभाताईही सांगायच्या. त्यांना तर पाहुण्यांचं कौतुकच वाटत होतं. जिन्यात पायांचा आवाज नाही, बेल नाही, दाराशी नुसते उभे राहतात आणि तुझे बाबा आतून या म्हणतात तोवर हलत नाहीत. चपलासुद्धा कशा नीट ठेवतात बघ, हल्लीच्या माणसांना कुठे असली रीत.

मेघनाने दाराबाहेर बघितलं. तिथे बाबांच्याच चपला होत्या, पण नेहमीसारख्या भिरकावलेल्या नव्हत्या. जोडीने, टाच भिंतीकडे आणि पुढची टोकं जिन्याकडे करून ठेवलेल्या. बाहेर पडताना नुसते पाय सरकवायचे. जपानी घरांत असं करतात. तिने वर्गात हे कितीदा शिकवलं होतं आणि घरी बाबांनाही सांगितलं असणार. माणूस एखाद्या भूमिकेत शिरला की अशा सवयी उचलतो. तिने मनाची समजूत घातली. ती पटली नाही, पण तिने ती धरून ठेवली.

खरं म्हणजे तक्रार करावी असं काही घडतच नव्हतं. बाबा जेवत होते, झोपत होते, दाढी करत होते. घरात एक शांतपणा आला होता. हिवाळ्याचं मऊ ऊन चटईवर पडायचं, खाडीकडून वारा यायचा, आणि संध्याकाळी आत पाऊल टाकलं की कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटायचं. ते वाटणं वाईट नव्हतं. कधी कधी मेघना दार उघडून क्षणभर नुसती उभी राहायची. कसलासा मंद वास यायचा, ओल्या गवताचा किंवा धुक्याचा. धुक्याला वास असतो का, असा प्रश्न तिला पडायचा आणि चपला काढता काढता ती तो विसरायची.

एकदा सकाळी ती चटई झटकायला गेली. चटईत दोन खळगे पडले होते, एकाशेजारी एक. हात फिरवून तिने ते पाहिले. गुडघे टेकून, टाचांवर बसून, न हलता कुणी तासन् तास बसलं तर जिथे पडतील तिथे. बाबांचा उजवा गुडघा गेली सहा वर्षं वाकत नव्हता. डॉक्टर ऑपरेशन सांगत होते आणि ते टाळत होते. चालताना तो पाय जरा ओढत चालायचे. जमिनीवर बसणं त्यांनी कधीच सोडलं होतं.

तिने चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. संध्याकाळी आली तेव्हा ती पुन्हा अंथरलेली होती.

५

एका दुपारी वर्ग रद्द झाला आणि मेघना लवकर परतली. खाली राकेश नव्हता. दुसऱ्या मजल्यावर आली तेव्हा तिला वरून बाबांचा आवाज ऐकू आला. ते काहीतरी बोलले. मग गप्प राहिले. दुसरा माणूस एखादं मोठं वाक्य बोलेल तेवढा वेळ गेला. मग बाबा म्हणाले, "हो ना. खरं आहे तुमचं."

फोनवर बोलत असतील. सराव करत असतील. किल्ली कुलपात घालेपर्यंत तिच्याकडे चांगली दोन-तीन कारणं तयार होती. दार उघडलं. बाबा खुर्चीत बसले होते, फोन लांब टीव्हीपाशी होता, आणि समोरची चटई रिकामी होती. चटईपुढे भरलेला कप. कपातला चहा हलत होता. खालून गाडी गेली असेल, ठाकुर्लीत गाड्या काय, जातच असतात. ती चहाकडे बघत राहिली तो थांबेपर्यंत.

"कोण आलं होतं, बाबा?"

"सामंत."

"कुठले? मोहन्याचे का?"

बाबांनी तिच्याकडे अगदी मायेने पाहिलं, लहानपणी गणित चुकल्यावर बघायचे तसं. "अगं, आपले."

ती त्यांच्या पायाशी बसली. त्यांचे हात हातात घेतले. मालिका ही मालिका असते, तो नट आहे, जपानमध्ये आपल्या घरी टीव्ही बघत बसला असेल, हे सगळं तिने सांगितलं. सांगताना तिला आपलाच आवाज पातळ वाटला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ते बिलकूल भ्रमिष्टासारखे दिसत नव्हते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सामंत येतो म्हणून निघाले होते आणि शब्दाचे पक्के होते, म्हणून आले. इथेच का, असं मेघनाने विचारलं. तर म्हणाले, मराठीत ते माझ्या आवाजात बोलतात, मग दुसऱ्या कुणाशी बोलणार? त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही. जरा थांबून पुढे म्हणाले, आणि मला तरी कोण होतं दुपारचं?

हे तिला लागलं.

"पण राहणार नाहीत ते," बाबा म्हणाले. "निघायचं म्हणतात. मागच्या खेपेला दारापर्यंत सोडायलासुद्धा कुणी नव्हतं गं. या वेळी त्यांना एकटं पाठवणं बरं नाही दिसत."

"म्हणजे? तू कुठे निघालास?"

बाबा हसले आणि पाणी मागितलं.

त्या रात्री मेघनाला झोप लागली नाही. सकाळी उठून बाहेर आली तर बाबा चटईवर बसलेले. गुडघे मिटून, टाचांवर, हात मांडीवर, पाठ ताठ, तोंड दाराकडे. अंगात इस्त्रीचा शर्ट. तिने हाक मारली तेव्हा ते भानावर आले, पण त्यांना उठता येईना. गुडघा धरून ते कळवळले. तिने त्यांना काखेत हात घालून उठवलं आणि खुर्चीत बसवलं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, वय आहे, एकटेपणा आहे, काही तपासण्या करून घ्या. तिने हो म्हटलं. तपासण्यांमध्ये काहीच निघणार नाही, हे तिला दिसतच होतं. तिला आता एवढंच कळत होतं की कुणीतरी बाबांना न्यायला आलंय. त्याला आणलं ते तिच्याच एका शब्दाने, आणि तो शब्द चुकीचा होता.

६

सूरज फोनवर वैतागला. भाग तयार होऊन पडलाय, आता एका शब्दासाठी कुठे परत? मेघनाने सांगितलं की 'येतो'चं 'जातो' करायचंय, अर्थाची चूक आहे, माझ्या नावाने जाणार आहे, मला चालणार नाही. अनुवादकाचा असला हट्ट त्याने कधी ऐकला नव्हता. शेवटी म्हणाला, उद्या सकाळी या, दहा मिनिटांचं काम आहे.

बाबांना तयार करणं जास्त अवघड गेलं. माझ्याच्याने नाही म्हणवणार ते, एवढंच ते बोलत राहिले. तिने परोपरीने सांगितलं, चिडून सांगितलं, आणि शेवटी काहीच सुचेना तेव्हा रडायला लागली. मेघना रडते म्हटल्यावर बाबांचं काही चालायचं नाही.

सकाळी ती दोघं टॅक्सीने निघाली. मोठागावचा पूल चढला तेव्हा खाडीवर धुकं इतकं दाट होतं की खाली पाणी आहे की नाही ते कळत नव्हतं. पलीकडचं टोक दिसत नव्हतं, समोरून येणाऱ्या गाड्या दिवे लावून अलगद बाजूने जात होत्या. बाबा खिडकीतून बघत होते.

"मेघू," बाबा म्हणाले, "नक्की तसंच म्हणायचं ना?"

"हो. माझ्यासाठी म्हण."

"तुझ्यासाठी म्हणतो."

त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. पूल संपेपर्यंत तो तिथेच होता.

स्टुडिओत सूरजने दृश्य लावलं. आतल्या खोलीतले दिवे बंद झाले. काचेत आता दोन गोष्टी दिसत होत्या, पलीकडे माईकसमोर उभे असलेले बाबा आणि त्यांच्यावर पडलेलं पडद्याचं प्रतिबिंब. सामंत दाराशी आला. वळला. त्याने मान झुकवली आणि बाबांनीही झुकवली. काचेत ती दोन डोकी एकमेकांवर आली आणि क्षणभर एकच दिसली. मग एक वर उठलं. आधी कुणाचं उठलं ते मेघनाला सांगता आलं नसतं.

"मी जातो."

आवाज बाबांचाच होता. स्वच्छ, कुठेही न अडखळलेला. सूरज म्हणाला, ओके, दुसरा घ्यायची गरजच नाही. मेघनाने श्वास सोडला. पडद्यावर सामंत पाठमोरा धुक्यात चालत निघाला होता. हे तिने शंभर वेळा पाहिलं होतं. पण आज ती खुर्चीतून अर्धी उठली. तो उजवा पाय ओढत चालत होता.

आधीही तसाच चालत असेल. नट म्हातारा आहे, आपलं लक्ष ओठांकडे असतं, पायांकडे कोण बघतं? मागे घेऊन परत दाखव, असं ती सूरजला म्हणणार होती. तेवढ्यात आतलं दार उघडून बाबा बाहेर आले. तिने पटकन पडद्यावरची नजर काढून घेतली.

७

परतीच्या वाटेवर बाबा एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असतील, मेघनाला वाटलं. रागावू देत. माणूस शेजारी बसलाय, श्वास घेतोय, याहून तिला काही नको होतं. तिला इतकं हलकं वाटत होतं की वाटेत तिने उगाचच कसलं कसलं सांगायला सुरुवात केली. संध्याकाळी मटण करूया, रविवारी मोहन्याला जाऊन येऊया, तुझ्या जुन्या लोकांना भेटूया. ते ऐकत होते. ऐकताना किंचित मान लववत होते. पुलावरचं धुकं विरलं होतं आणि खाली खाडीचं पाणी लख्ख दिसत होतं.

गेटपाशी राकेश खुर्चीत बसला होता. त्यांना बघून तो उठून उभा राहिला. हिरो वगैरे काही म्हणाला नाही. नुसता बाजूला झाला.

जिना बाबा तिच्यापुढे चढले. भरभर, कठडा न धरता. बरं वाटतंय त्यांना, ती मनाशी म्हणाली, आणि ते वाक्य तिने मनातच पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

तिने दार उघडलं, दिवा लावला, पर्स ठेवली. वळून बघते तर बाबा अजून बाहेरच होते. चपला काढून, वाकून त्यांनी त्या भिंतीशी जोडीने लावल्या, टोकं जिन्याकडे करून. मग उंबऱ्यापाशी हात बाजूला सोडून उभे राहिले. नजर खाली.

"ये ना," मेघना म्हणाली.

ते हलले नाहीत. समोर रंभाताईंच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मेघना वाट बघत राहिली. तिला कळत होतं की एक शब्द म्हटला तर हे आत येतील, आणि तिला तो म्हणायचा नव्हता. पण त्यांना असं दारात उभं ठेवणंही तिला जमेना. चेहरा बाबांचाच होता. गालावर सकाळी दाढी करताना कापलेलं ताजं होतं.

"या," ती म्हणाली.

ते आत आले. चटईवर गुडघे मिटून, टाचांवर बसले. सहज बसले, कुठेही न कळवळता. हात मांडीवर ठेवले आणि घराकडे पाहिलं. रमाबाईंच्या फोटोकडे, टीव्हीकडे, खुर्चीकडे, मेघनाकडे. सगळ्यांकडे सारख्याच अदबीने, परक्याच्या घरी बघतात तसं, नजर कुठेही फार वेळ न ठेवता.

मेघना स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. जातो असं आपण कुणाला म्हणायला लावलं, हे तिच्या मनात आत्ता पहिल्यांदा आलं. तो विचार पुरता होऊ न देता तिने पातेलं घेतलं, पाणी मोजून घातलं, गॅस लावला. आलं किसलं. पाणी उकळायला लागलं तसा तिने साखरेचा डबा उघडला, चमचा भरला, आणि तो चमचा पातेल्यावर तसाच धरून ती बाहेरच्या खोलीकडे वळली.

"साखर किती घेता तुम्ही?" तिने विचारलं.